वीस वर्षं चाललेलं मशीन नेमकं कशामुळे चाललं?

घरातलं वॉशिंग मशीन बंद पडलं की एक वाद हमखास सुरू होतो. पन्नाशीकडे झुकलेली माणसं सांगू लागतात, की आमच्या लहानपणी सिडकोच्या घरात जे सेमी-ऑटोमॅटिक होतं ते मी शाळेत असताना आलं आणि माझ्या लग्नानंतरही चालू होतं. आता मेली सगळी प्लास्टिकची खेळणी, पाच वर्षांत भंगारात. तिशीच्या आतली मुलं उत्तर देतात, की तुम्हाला टिकलेली तेवढीच आठवतात, आणि ते मशीन पाणी किती प्यायचं तेही सांगा. एक बाजू पत्र्याची शपथ घेते, दुसरी नव्या तंत्राची. दोघंही बोलतात ते वस्तूबद्दल, आणि इथेच वाद भरकटतो. माझं म्हणणं असं, की या आठवणी खऱ्या आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. ती मशीनं टिकली कारण ती उघडता येत होती, त्यांचे सुटे भाग मिळत होते आणि ते बसवणारा माणूस गल्लीत होता. ही सोय आपल्या हातून काढून घेतली गेली आहे. ती कायद्याने परत मिळवता येते, आणि मिळवायला हवी.

आधी आठवणीच नीट ऐकू या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदीत नाशिकच्या नोकरदार घरांत मशीन आलं ते बहुतेक वेळा दोन टबांचं. एका बाजूला धुण्याचा टब, दुसऱ्या बाजूला पिळण्याचा, वर दोन गोल खटके. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत, नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये, ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात नोकरी करणाऱ्यांनी बोनस, सोसायटीचं कर्ज किंवा हप्ता असं काहीतरी जुळवून ते घेतलेलं असे. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनची जाहिरात तेव्हा पोरांना तोंडपाठ होती. मशीन गॅलरीत असायचं, त्यावर फुलाफुलांचं कव्हर, आणि सकाळी नळ आला की ते चाकांवरून ढकलत मोरीपाशी न्यायचं. पण त्या माणसांना पुढे बोलू द्या, म्हणजे गोष्ट हळूच वळते. ‘मग एकदा त्याचा बेल्ट तुटला.’ ‘स्पिनरची ब्रेकची तार गेली होती, दोन दिवस तो थांबतच नव्हता.’ ‘कपॅसिटर बदलला, मग टायमर, मग खालचं सील.’ ‘ड्रेनचा पाइप तर उंदरांनी किती वेळा खाल्ला!’ मी ऐकलेल्या अशा आठवणींत न बिघडलेलं मशीन जवळजवळ नाहीच. ती सगळी बिघडत होती आणि सगळी दुरुस्त होत होती. आमच्याही घरी तेच. आमचा मेकॅनिक पिशवीत दोन पाने, एक टेस्टर आणि वायरचे तुकडे घेऊन यायचा, मागचा पत्रा काढायचा आणि आईला दाखवून सांगायचा की बघा ताई, हे झिजलंय. दुसऱ्या दिवशी भाग आणून बसवायचा. मशीनच्या दीर्घायुष्याचं जे श्रेय आपण कंपनीला देतो, त्यातला मोठा वाटा या माणसाचा आहे.

पत्र्याच्या कौतुकालाही फारसा आधार नाही. त्या काळातल्या कितीतरी सेमी-ऑटोमॅटिक मशीनांचे टब प्लास्टिकचेच होते. ज्यांचं अंग पत्र्याचं होतं त्यांचा तळ मोरीच्या ओलीत गंजायचा, मग कोणी लाकडी पाट खाली सरकवायचं, कोणी विटा. त्या मशीनांच्या घडणीत मोलाचं काही असेल तर ते हे, की त्यात मोजके भाग होते आणि ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनांत थोड्याफार फरकाने चालून जात. स्प्रिंगवर चालणारा टायमर, एक धुण्याची मोटर, एक स्पिनची मोटर, बेल्ट, पल्सेटर म्हणजे टबाच्या तळाशी पाणी घुसळणारी चकती, दोन-तीन सील. याचा परिणाम किती दूरवर जातो ते पाहा. व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनी अशी कोसळल्यावरही तिचं जुनं सेमी-ऑटोमॅटिक दुरुस्त होऊ शकत होतं, कारण त्याचा जीव कंपनीच्या गोदामात नव्हता, तो बाजारात मिळणाऱ्या मोटरीत आणि टायमरमध्ये होता. आज उलटी तऱ्हा आहे. कंपनी जोरात चालू असते, आणि आपल्या मॉडेलचं कार्ड, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, मात्र ‘आता येत नाही’.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. त्यातले काही खरोखर वजनदार आहेत, आणि जुन्याचं गुणगान करणारे ते टाळतात म्हणूनच हरतात.

पहिला मुद्दा टिकलेल्यांचीच आठवण राहते हा. तो बरोबर आहे. जी मशीनं चार वर्षांत भंगारात गेली त्यांच्याबद्दल कोणी हौसेने बोलत नाही. म्हणून ‘जुनं ते सगळं चांगलं’ हे विधान टाकून द्यावं, माझी काहीच हरकत नाही. पण या मुद्द्याने दुसरा प्रश्न सुटत नाही, की जी टिकली ती कशी टिकली? टिकलेल्यांच्या कथांत दुरुस्ती पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो योगायोग कसा म्हणायचा?

दुसरा मुद्दा पैशाचा. त्या काळात मशीनची किंमत म्हणजे नोकरदाराचे कित्येक महिन्यांचे पगार, मेकॅनिकची मजुरी मात्र किरकोळ. मग दुरुस्ती परवडणारच. आता मशीन तुलनेने स्वस्त, हप्ते सोपे आणि माणसाच्या वेळेला किंमत आली. तेव्हा दुरुस्तीपेक्षा नवं घेणं हा शहाणपणाच ठरतो, असं म्हणतात. यातला पहिला अर्धा भाग मान्य. पण दुरुस्ती महाग झाली ती फक्त मजुरीमुळे का? मशीनच्या किमतीचा मोठा हिस्सा एका कार्डासाठी मागितला जातो, तेव्हा ती किंमत बाजाराने ठरवलेली नसते. तो भाग एकाच ठिकाणी मिळतो, त्याचा आराखडा कोणाकडे नाही, पर्यायी भाग बसवला तर यंत्र तो नाकारू शकतं. विकणारा एकच असेल तर तो म्हणेल ती किंमत. असा भाव आधी बांधायचा आणि मग म्हणायचं की बघा, दुरुस्ती परवडत नाही, हा कुठला न्याय? शिवाय स्वस्त मशीनचा हिशोब दुकानाच्या बिलाशी संपत नाही. मशीन हलू नये म्हणून आत घातलेलं काँक्रीटचं वजन, तांब्याची तार, प्लास्टिकचा टब, कार्डावरचं शिसं हे सगळं कुठेतरी जाऊन पडतं. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वॉशिंग मशीनचा समावेश आहे आणि पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण हे नियम यंत्र मेल्यानंतरचे आहेत. ते अकाली मरू नये यासाठी आपल्याकडे सक्तीचा नियम नाही.

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो नैतिक आहे. जुन्या मशीनच्या आठवणी काढून गहिवरणारे बहुतेक लोक ते मशीन चालवत नव्हते. चालवत होत्या आया. टबात पाइपने पाणी भरायचं, मशीनचा बझर वाजला की हातातली पोळी तव्यावर ठेवून धावायचं, निथळते जड कपडे उचलून स्पिनरमध्ये दाबून भरायचे. ते एका बाजूला कलले की सगळं मशीन थडथडत मोरीभर फिरायचं, ते अंगाने दाबून धरायचं. खळबळायला पुन्हा बादल्या. सेमी-ऑटोमॅटिकने हात आणि पाठ वाचली, वेळ तितकासा वाचला नाही. बटण दाबून कामावर निघून जाता येतं ही नव्या मशीनची देणगी फार मोठी आहे, आणि तिच्याकडे पाठ फिरवायला कोणी सांगत असेल तर मी त्याच्या विरोधात उभी राहीन. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. अशा देशात बाईच्या कामाचा एक तास वाचवणारं यंत्र ही चैन नाही.

पण याच आकड्यांवरून मी उलट विचारते. ते यंत्र बंद पडतं तेव्हा धुणं कोणाच्या अंगावर येतं? कंपनीच्या केंद्रात तक्रार नोंदवायची, माणूस येणार म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकायची, तो येऊन स्क्रीनवरचा कोड वाचणार आणि ‘पार्ट मागवावा लागेल’ म्हणून निघून जाणार. मग पुढच्या आठवड्यांतल्या चादरी, शाळेचे गणवेश, आजारी सासऱ्यांची पांघरुणं कोण धुतं? घरातली बाई, नाहीतर धुण्याभांड्यांना येणाऱ्या मावशी. वर्षभर पूर्ण स्वयंचलित सुख आणि मधूनच महिनाभर हाताने धुणं, हे बाईला मुक्त करणं आहे का? आमच्या आईच्या हाती मशीनचा ताबा होता. कोणता आवाज बरा आणि कोणता वाईट हे ती ओळखत होती आणि दुरुस्ती दोन दिवसांत होणार याची तिला खात्री होती. तिचे कष्ट जावेत आणि तिची ती खात्री मात्र राहावी, एवढीच ही मागणी आहे. यंत्र आपोआप चालण्यासाठी ते कायमचं बंद करून ठेवावं लागतं, असा कुठलाही नियम निसर्गात नाही.

इथे अभियंते चौथा मुद्दा काढतात, की तसा नियम थोडासा आहे. गरजेनुसार वेग बदलणारी ‘इन्व्हर्टर’ मोटर, पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, वजनानुसार ठरणारा वेळ हे सगळं इलेक्ट्रॉनिक कार्डाशिवाय होणार नाही. आणि कार्ड ओलीत टिकायचं तर ते रेझिन ओतून बंद करावं लागतं. फ्रंट लोडला, म्हणजे समोरून दार असलेल्या मशीनला, पाणी कमी लागतं ते मुख्यतः आडव्या ड्रममुळे, पण त्यात या नेमकेपणाचाही वाटा आहे. गंगापूर धरणाची पातळी दर उन्हाळ्यात बघत बसणाऱ्या शहराला पाण्याची ही बचत क्षुल्लक म्हणता येणार नाही. शिवाय पाणी आणि वीज एकत्र असलेल्या यंत्रात अर्धवट शिकलेल्याने हात घातला तर शॉक बसतो. जुन्या मशीनचे झटके आपल्यातल्या अनेकांनी खाल्ले आहेत, अर्थिंग धड नसलेल्या घरांत तर हमखास. हे सारं मान्य. पण कुठली बंदिस्ती तंत्राची गरज आहे आणि कुठली विक्रीची सोय, हे वेगळं काढायलाच हवं.

त्यासाठी फ्रंट लोडच्या बेअरिंगचं उदाहरण पुरेसं आहे. ड्रम ज्या आसावर फिरतो त्याच्या मागे दोन बेअरिंगं आणि एक सील असतं. सील झिजलं की पाणी आत शिरतं, बेअरिंगला गंज धरतो आणि पिळताना मशीन विमानासारखं घोंघावू लागतं. बेअरिंग ही काही गूढ वस्तू नाही. त्याच्या कडेवर नंबर असतो आणि त्या नंबराचं बेअरिंग अंबड-सातपूरच्या बाजारात मिळू शकतं. पूर्वी ड्रमभोवतीचा बाहेरचा टब दोन भागांचा असे आणि बोल्ट काढून उघडता येई. आता अनेक मॉडेलांत ते दोन भाग कारखान्यातच वितळवून कायमचे जोडलेले असतात. म्हणजे थोडक्या किमतीचं बेअरिंग बदलायला अख्खा ड्रम-संच घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकून माणूस नवं मशीन घेतो. या जोडणीने पाण्याची बचत होते का? वीज वाचते का? कपडे उजळतात का? जुळणीचा खर्च आणि गळतीची शक्यता थोडी कमी होते, एवढं खरं. पण त्या बचतीची किंमत ग्राहकाच्या माथी मारली जाते आणि खरेदीच्या दिवशी त्याला हे कोणी सांगत नाही. एरर कोडचंही तसंच. कोड दाखवणारं यंत्र चांगलंच, पण त्याचा पूर्ण अर्थ फक्त कंपनीच्या माणसाकडे असेल, तर बिघाड सांगणारी सोयच बाहेरच्या मेकॅनिकला दारात अडवते.

कोणी म्हणेल, दुरुस्तीची सोय कायद्याने मागणं हा युरोपातून आणलेला विचार आहे. मला १९२९ आठवतं. त्या वर्षी गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी काय होत्या? यंत्राची किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नको. वेळच्या वेळी देखभाल केली तर ते किमान २० वर्षं चाललं पाहिजे. आणि वर्षाचा दुरुस्ती-देखभालीचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक नको. किर्लोस्करवाडीतही या स्पर्धेसाठी एक यंत्र तयार झालं होतं. अटी कठीण होत्या, बक्षीस कोणालाच मिळालं नाही. कोणी म्हणेल, मग हे उदाहरण अपयशाचंच की. सूत काढण्याचा वेग, वजन, किंमत आणि आयुष्य या सगळ्या अटी एकाच यंत्रात त्या वेळच्या तंत्राला जमल्या नाहीत, हे खरं. पण आयुष्य आणि दुरुस्तीचा खर्च हे यंत्राचे गुण आहेत, ते आधीच आकड्यांत मागता येतात आणि विकत घेणाऱ्याच्या वतीने मागायलाच हवेत, ही समज या देशात जवळपास शंभर वर्षांपूर्वी होती. आज आपण मशीन घेताना क्षमता किती किलो, फेरे किती, रंग कोणता हे विचारतो. दहा वर्षांनी कार्ड मिळेल का, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही, कारण उत्तर द्यायला कोणी बांधलेलंच नाही.

बांधता येतं, याचा पुरावा समोर आहे. युरोपीय संघात मार्च २०२१पासून लागू असलेल्या नियमांनुसार वॉशिंग मशीनचं मॉडेल बाजारात यायचं थांबलं तरी पुढे किमान १० वर्षं त्याचे ठरावीक सुटे भाग मिळाले पाहिजेत, ते मागणीनंतर कामाच्या १५ दिवसांत पोहोचले पाहिजेत आणि साध्या, बाजारात मिळणाऱ्या हत्यारांनी बदलता आले पाहिजेत. फ्रान्सने १ जानेवारी २०२१पासून फ्रंट लोड मशीनवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं. युरोपीय संघाच्या नियमांतही एक मोठी फट राहिली. ड्रम आणि बेअरिंग सुटे द्या किंवा एकत्र द्या, दोन्ही चालेल, अशी मुभा तिथे आहे. म्हणजे वर सांगितलेली बेअरिंगची अडवणूक कायद्यातून सहीसलामत सुटली. आपण नियम करू तेव्हा ही चूक नको. बेअरिंग आणि सील सुटे मिळालेच पाहिजेत, असं स्पष्ट लिहायला हवं.

आपल्याकडे काय झालं? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारं, मोबाइल, वाहनं यांच्या जोडीने घरगुती उपकरणंही तिच्या कक्षेत होती. त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टल सुरू झालं, त्यावर कंपन्यांनी माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. अपेक्षेने टायमर बदलला जात नाही. विजेच्या बाबतीत आपण असं केलं नव्हतं. फ्रिज आणि एसीवरचे तारे २००६ मध्ये ऐच्छिक म्हणून आले, पण काही वर्षांत काही उपकरणांसाठी ते सक्तीचे झाले. आज दुकानात साधी गृहिणीही तारे मोजून निवड करते. मग तसंच दुरुस्तीचं लेबल का नको? भाग किती वर्षं मिळणार, मुख्य कार्ड आणि ड्रमची किंमत आज काय, सर्किटचा नकाशा उघडा आहे की नाही, एवढ्या तीन ओळी मशीनवर छापायला कंपन्यांना कितीसा खर्च येईल?

शेवटी एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो नाशिककरांनी तरी गंभीरपणे घ्यावा. नियम करून भाग मिळतील हो, पण दुरुस्त करणारा कुठे आहे? पोरांना हे काम नको आहे. मला हा आक्षेप उलटा वाटतो. पोरांना काम नको म्हणून दुकानं बंद पडली नाहीत, यंत्रं बंद केली गेली म्हणून कामातली कमाई गेली. हे शहर हातात हत्यार असलेल्या माणसांचं आहे. मायकोत (आताच्या बॉश कारखान्यात) नोझलचे मायक्रॉन मोजणारे, प्रेसमध्ये छपाईची यंत्रं सांभाळणारे, द्राक्षबागांत पंप आणि फवारणी यंत्रं रातोरात उभी करून देणारे कारागीर इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जुन्या सुट्या भागांचा व्यवहार आपण कसा पाहतो, हेही बघायला हवं. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये मोठ्या पोलीस बंदोबस्तात हटवला. तो अनधिकृत होता, तिथल्या धुराचा आणि आगीचा धोका खरा होता, आणि तो हटवण्याला माझा विरोध नाही. पण जुन्या यंत्रांचे चालू भाग काढून, तपासून विकणारी अधिकृत, स्वच्छ जागा त्याच्या बदल्यात कुठे उभी राहिली? अशी जागा शहराच्या नियोजनात मागितली पाहिजे, जशी आपण भाजी मंडई मागतो.

आणि सातपूरच्या आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलाला वायरिंगचे नकाशे, एरर कोडचे तक्ते आणि कार्ड तपासायची पद्धत उत्पादकाने विनामूल्य दिली पाहिजे. ती फक्त आपल्या अधिकृत केंद्रातल्या माणसासाठी राखून ठेवायचा अधिकार त्याला असू नये. सुरक्षिततेची काळजी आहे ना? मग अर्थिंग, विद्युतरोधन आणि गळती तपासण्याची परीक्षा घ्या, उत्तीर्ण झालेल्याला परवाना द्या, त्याच्या कामाची पावती आणि हमी बंधनकारक करा. वायरमनला आपण असाच परवाना देतो आणि त्याच्या भरवशावर अख्ख्या घराची वीज सोपवतो. त्याच घरातल्या एका यंत्रासाठी तो नियम का चालू नये, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.